ते नंतरचं

"काका, तुम्हाला पिंक फ्लॉइड आवडतं म्हणे?" असा प्रश्न आमच्या सोसायटीत फक्त नवा भाडेकरू विचारतो. जुने विचारत नाहीत, त्यांना संध्याकाळी दुसरी कामं असतात. फ्लॉइडकाका लगेच उत्तर देत नाहीत. चष्मा काढतात, बनियनच्या टोकाला पुसतात आणि म्हणतात, "कुठलं?" तो बिचारा 'डार्क साइड ऑफ द मून'चं नाव घेतो. काका मान हलवतात. "अच्छा. ते नंतरचं."

1973 सालची, जगभर कोट्यवधी खपलेली ती रेकॉर्ड ऐकली याची त्या मुलाला लाज वाटू लागते.

काकांचं फ्लॉइड 1965च्या आसपास सुरू होतं आणि जानेवारी 1968मध्ये संपतं. त्या काळात स्वतः काका गिरगावच्या चाळीत अर्ध्या चड्डीत होते. लंडन त्यांनी अजून पाहिलेलं नाही. बँकेच्या एलटीसीवर कन्याकुमारी, ही त्यांची दक्षिणेची आणि जगाची हद्द. पण टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या तळघरात डिसेंबर 1966मध्ये यूएफओ क्लब कसा सुरू झाला, हे ते अशा ओळखीनं सांगतात की भाईंदर फाटकाजवळच कुठेतरी असावा. माणसांचा उल्लेखही एकेरीत. "रॉजर, निक आणि रिक आर्किटेक्चरचे, रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकला. सिड चित्रकलेचा, कॅम्बरवेलला. पोरगा हुशार!" 'पोरगा' म्हणताना आवाज असा ओला होतो की सिड बॅरेट काकांच्या मावशीकडचा वाटावा. बीटल्सचा विषय काढला तर, "हो, होते ना. आमची पहिली रेकॉर्ड चालू होती तेव्हा ॲबे रोडला शेजारच्या खोलीत 'सार्जंट पेपर' करत होते." आमची.

बारशाची गोष्ट त्यांची सर्वात लाडकी. बँडची नावं सारखी बदलत होती, सिग्मा 6 काय, ॲबडॅब्ज काय. मग 'टी सेट' ठरलं. एका कार्यक्रमाला जाऊन पाहतात तर तिथे दुसरीही 'टी सेट' हजर! सिडनं तिथल्या तिथे पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूजवाल्यांची पहिली नावं जोडून टाकली. 'तिथल्या तिथे' म्हणताना काका हात असा फिरवतात, की आतून काकू ओरडतात, "टी सेटचे पाच कप उरलेत, सांभाळून!"

काकांना इंग्रजाळलेले मात्र समजू नका. नंदू भेंडेंचं नाव निघालं की ते ताठ बसतात. आत्माराम भेंडेंचा मुलगा, पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मधला जूडास आणि पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त रॉक गाणारा. "मराठी माणसाला रॉक जमत नाही म्हणणाऱ्यांनी आधी कान साफ करून यावं." इथे मी गप्प बसतो, कारण इथे काकांचं बरोबर आहे.

खरं सांगायचं तर फ्लॉइड हे निमित्त. काकांना कशाचीही सुरुवातच आवडते. मीरा रोड खरं कधीचं? तर काका राहायला आले तेव्हाचं. पलीकडे मिठागरं, रात्री बेडूक, पाण्याचा टँकर आला की सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन खाली. विरार लोकलमधली भांडणंसुद्धा तेव्हा दर्जेदार होती म्हणे. आता नुसती ढकलाढकली. "तेव्हा तुम्ही रोज रात्री शिव्या घालत होतात," काकू आठवण देतात. "इथे कुठे आणून टाकलं, असं मला विचारायचात. आणलं तुम्हीच होतं." 2002 साली महानगरपालिका झाली. ते नंतरचं.

2007 साली रॉजर वॉटर्स मुंबईत आला, तेव्हा मुलानं काकांना तिकीट काढून दिलं. परत आल्यावर निकाल: "वाजवतो बरा. पण सगळं नंतरचंच." 'सेट द कंट्रोल्स'ला बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं मुलगा सांगतो. मैदानात धूळ फार होती, असं बाबा सांगतात.

सिडचा शेवट मात्र काका सोसायटीच्या मिटिंगमध्येच सांगतात. टाकीच्या गळतीच्या बैठकीला 302वाल्यांना मुद्दाम बोलावलं नाही, तेव्हा काका उभे राहिले. "जानेवारी 1968. साउदॅम्प्टनला कार्यक्रम. वाटेत सिडला घ्यायचं होतं. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, मान्य. पण गाडीत कुणीतरी म्हणालं, कशाला घ्यायचा? आणि नाही घेतला!" सेक्रेटरींनी विचारलं, हे इतिवृत्तात लिहायचं का. काका म्हणाले, "लिहा." लिहिलं आहे.

5 जून 1975ला हाच सिड स्टुडिओत आला, लठ्ठ झालेला, डोकं आणि भुवया भादरलेल्या, आणि जुन्या मित्रांनी त्याला आधी ओळखलंच नाही. तेव्हापासून धडा घेतल्यासारखे काका लिफ्टमधल्या प्रत्येक टकल्या अनोळखी माणसाकडे टक लावून बघतात. गेल्या वर्षी एका कुरिअरवाल्यानं वॉचमनकडे तक्रार केली.

यंदा गणपतीत सी विंगच्या मुलांच्या बँडनं काकांना प्रकाशयोजना दिली. काकांनी चोरबाजारातून स्लाइड प्रोजेक्टर आणला. दोन काचांमध्ये तेल आणि रंगीत शाई घालायची, दिव्याच्या उष्णतेनं थेंब सरकतात, फुगतात, एकमेकांना गिळतात. यूएफओतली भिंत अशीच तर हलायची. शिवाय साबणाचे फुगे आणि फुलांच्या पाकळ्याही हव्या होत्या. मे 1967मध्ये क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये हे करून फ्लॉइडनं खुर्च्या डागाळल्या आणि त्या हॉलनं त्यांना बंदी घातली, ही माहिती काकांनीच अभिमानानं पुरवल्यामुळे सेक्रेटरींनी फुगे नामंजूर केले. तेल मंजूर झालं, पॅराशूटचं. आरतीनंतर मुलांनी पहिला सूर लावला आणि मांडवाच्या पांढऱ्या पडद्यावर जांभळे, हिरवे गोळे तरंगू लागले. गणपतीसमोर बसलेल्या आज्या बघतच राहिल्या. अकराव्या मिनिटाला काच तडकली, फ्यूज उडाला, सेक्रेटरींच्या झब्ब्यावर एक निळा डाग पडला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलं नवा एलईडी दिवा लावून परत वाजवत होती. काका मागच्या खुर्चीवर बसले होते. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"ठीक," काका म्हणाले. "पण आता पूर्वीची मजा नाही राहिली."