दोन टक्क्यांचं पुण्य

श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या डोंगरमाथ्यांवर जांभा, आणि जांभ्याच्या पोटात कुठे कुठे बॉक्साइट. हा भोकाभोकांचा जांभा पावसाचं पाणी पिऊन ठेवतो आणि पुढे झऱ्यावाटे खालच्या नारळी-पोफळींना देतो. त्याबद्दल त्याने आजवर एकही फलक लावलेला नाही. बिचाऱ्याकडे जनसंपर्क विभाग नाही.

खाण कंपनीकडे तो असतो. आधी माथा खरवडायचा आणि झरा आटला, की गावाला पाण्याची टाकी ‘अर्पण’ करायची. टाकी हजार लिटरची. तिच्यावरचं नाव मात्र दिघीच्या लाँचमधूनही वाचता यावं एवढं.

5 जूनला, पर्यावरण दिनी, कर्मचारी हिरवे टी-शर्ट घालून येतात. एका रोपाला सहा हात, फोटोत साहेब मधोमध. खड्डे खणायचा सराव दांडगा, म्हणून कार्यक्रम झटपट उरकतो. मग वडापाव. पुढच्या वर्षी रोप नवं, खड्डा तोच.

2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 सांगतं, की मोठ्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्चावेत. शिवाय 2015 पासून खाणवाल्यांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भर घालायची: लिलावातल्या खाणपट्ट्यांसाठी रॉयल्टीच्या 10 टक्के, जुन्यांसाठी 30. प्रतिष्ठानातला हा पैसा खाणीची झळ सोसणाऱ्यांचाच.

तेव्हा टाकीपुढे नारळ फोडताना एवढं लक्षात ठेवा: कायद्याने जे द्यावं लागतं, त्याला मराठीत दान म्हणत नाहीत, देणं म्हणतात.