चुलीवरची चव

हायवेला लागलं की पाट्या सुरू होतात. ‘चुलीवरचं गावरान मटण’, ‘चुलीवरची मिसळ’, ‘चुलीवरचा चहा’. आता चुलीवरचा पिझ्झाही निघालाय म्हणतात. चवीचं सगळं श्रेय धुराला!

गाडीतून उतरणारी मंडळी हवेच्या बाबतीत भलती जागरूक. मोबाईलवर प्रदूषणाचा आकडा बघितल्याशिवाय मॉर्निंग वॉकला न जाणारी. मागे पत्र्याच्या शेडखाली मावशी भाकऱ्या थापत असतात. लाकूड ओलं. फुंकणीने जाळ फुलवायचा तर तोंड चुलीशी न्यावं लागतं, आणि फुंकून झाल्यावर पुढचा श्वास तिथेच घ्यावा लागतो. मावशी खोकतात, पदराने डोळे पुसतात, दुसरा उंडा उचलतात. तेवढ्यात रील काढणाऱ्या ताईंची फर्माईश येते, “मावशी, परत एकदा फुंका ना, धूर नीट आला नाही!”

मावशींनी जन्मात विडीला हात लावलेला नाही. पण सीओपीडी हा छातीचा आजार फक्त विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो, ही समजूत अजून आपण सोडलेली नाही. बाईचा खोकला वयावर ढकलला की डॉक्टरची फी वाचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 साली घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने जगभरात सुमारे 32 लाख माणसं दगावली. आपल्याकडे 1 मे 2016 रोजी बलियात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅस गरिबाघरी पोचला, हे खरंच मोठं काम झालं. मात्र संपलेला सिलिंडर भरून आणायला पैसे लागतात, आणि सरपण रानात फुकट मिळतं. मग सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरता, आंघोळीचं पाणी चुलीवर. रोजगारही चुलीवरच.

मंडळी ढेकर देत घरी येतात. डास नकोत म्हणून खिडक्या बंद, वर पलंगाखाली कॉइल. चिनी आणि मलेशियन कॉइलींवरचा एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला होता. एक कॉइल जळून संपेपर्यंत जितके सूक्ष्म कण सोडते, तितके सोडायला 75 ते 137 सिगारेटी लागतात, असं त्यात निघालं. गच्चीवर चोरून एक सिगारेट ओढणाऱ्या जावयाला मात्र सासूबाई आठवडाभर ऐकवतात.

सकाळी देवापुढे धूप, चार उदबत्त्या. स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी. एक्झॉस्ट फॅन बंद, कारण त्याच्या घरघरीत टीव्ही ऐकू येत नाही. दिवाळीत हप्त्यावर घेतलेल्या एअर प्युरिफायरचा दिवा लालबुंद होतो, पंखा जिवाच्या आकांताने फिरायला लागतो. सगळे जमतात. आजोबा प्लग काढून परत लावतात. दिवा लालच. शेवटी सुनबाई कस्टमर केअरला फोन लावतात, “अहो, नवीनच आहे, वॉरंटीत आहे. घरात काही नसताना उगाच लाल दाखवतंय. बदलून द्या.”