मापटेकाका

मापटे हे त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव छापलं तर निम्मी रामबाग माझ्या अंगावर येईल, इतके त्यांचे नातेवाईक इंदुरात आहेत. हे नाव त्यांना आमच्या गल्लीनं दिलंय. १८१८ साली होळकरांची राजधानी इंदूरला आली, तिच्या मागोमाग काकांचे खापरपणजोबा हिशेबनीस म्हणून आले, येताना एक पितळी मापटं घेऊन आले, असं काका सांगतात. ते मापटं अजून देव्हाऱ्याशेजारी असतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे नातवाला बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं.

काका स्वतः बँकेत होते. एक रुपया जुळेना म्हणून त्यांनी रात्री अकरापर्यंत अख्खी शाखा बसवून ठेवली होती. रुपया शेवटी त्यांच्याच खिशात सापडला. तो त्यांनी रीतसर जमा केला.

अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं, "भात कमी करा."

"कमी म्हणजे किती?"

"कमी म्हणजे... कमीच."

काका त्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले नाहीत. ते थेट सराफ्यात गेले आणि सोनाराचा काटा घेऊन आले, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. दुकानदारानं विचारलं, "क्या तौलना है, बाबूजी?" काका म्हणाले, "चावल." आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा मोजत ज्याची हयात गेली, त्यानंही म्हणे क्षणभर गल्ला उघडा ठेवून काकांकडे पाहिलं.

त्या दिवसापासून जेवणाला मोजणीचं स्वरूप आलं. भाताची मूद वाटीनं पाडायची प्रथा बंद झाली. ताट काट्यावर, त्यात भात, एका वेळी बरोबर १५० ग्रॅम. १५०.०५ झालं तर एक शीत उचलून पातेल्यात परत. तुम्ही-आम्ही शितावरून भाताची परीक्षा करतो, काका शितावरून भाताचं ऑडिट करत. गव्हाच्या माळव्यात दोनशे वर्षं राहून ज्यांचा भात सुटला नाही, त्या घरात आता वरण थंड झाल्यावर भात पानात येऊ लागला.

भांड्यांचं तर विचारू नका. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, कुणाच्या मुंजीत कुणी दिलं ते. काकांनी बर्तन बाजारात जाऊन सगळ्या पातेल्यांच्या बुडांवर त्यांची रिकामी वजनं कोरून आणली. म्हणजे भातासकट पातेलं तोलायचं आणि बुडावरचा आकडा वजा करायचा. काकूंच्या माहेरच्या पातेल्यावर आता "चि. सौ. कां." च्या खाली "४१२ ग्रॅम" आहे. आलेल्या पाहुण्यांना ते वजन काकूंच्या कुठल्याशा दागिन्याचं वाटतं.

तीन महिने हे चाललं. काका सुकले, चिडचिडे झाले, दुपारी उगाच डबे उघडून बघू लागले. वजन मात्र घटलं चारशे ग्रॅम.

मग एका रविवारी सुनेनं पास्ता केला. काका काटा घेऊन ओट्याशी हजर. पाकीट वाचून म्हणाले, "शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी. मला चाळीस ग्रॅम वाढ."

"बाबा, तो आकडा कोरड्याचा आहे," सून म्हणाली. "शिजल्यावर पास्ता दुपटीच्या वर जातो. वजन वाढतं ते पाण्याचं. पाण्याला कुठे कॅलरी असतात?"

काका थबकले. "आणि तांदूळ?"

"तो तर तिप्पट होतो."

घरात कुणी पास्ता खाल्ला असेल तर गरम खाल्ला नाही. काकांनी वही काढली. तक्त्यातला कच्च्या तांदळाचा आकडा, शंभर ग्रॅमला सुमारे ३५०, ते तीन महिने शिजलेल्या भाताला लावत होते. शिजलेल्या भातात शंभर ग्रॅमला सुमारे १३० असतात. म्हणजे एका जेवणात ५२५ लिहिल्या, खाल्ल्या १९५. फरक ३३०. दोन वेळचे ६६०. नव्वद दिवसांचे ५९,४००.

"माझी एकोणसाठ हजार चारशेची थकबाकी आहे!" काका ओरडले. तुपात मांडली तर सहा किलो सहाशे ग्रॅम. ही बाकी हप्त्यानं वसूल करायची की एकरकमी, एवढाच प्रश्न त्यांनी मला विचारायला बोलावला होता.

काकू शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, "एवढं उपाशी राहिलात तर वजन का नाही उतरलं?"

प्रश्न बिनतोड होता. या हिशेबानं साडेसात किलो तरी उतरायला हवं होतं. बँकेच्या भाषेत ही अफरातफर होती, आणि काकांचा चेहरा एकदम तीस वर्षांनी तरुण झाला.

चौकशी सुरू झाली. पहिला कबुलीजबाब काकूंचा. भात तोलून झाला की त्या त्यावर पळीभर तूप सोडत. "कोरडा भात घशाखाली कसा उतरेल? आणि तुम्ही तर भात मोजत होता, तूप कुठे मोजत होता?" पळीत पंधरा ग्रॅम तूप, ग्रॅमला नऊ कॅलरी. दोन वेळच्या २७० सापडल्या. उरल्या ३९०.

"सकाळी फिरायला जाता ते स्कूटरवरून का जाता?" काकूंनी दुसरी शेंग मोडली.

काका माझ्याकडे बघायला लागले, कारण मागच्या सीटवर मी असायचो. पोह्यांची एक प्लेट, वर शेव, जीरावण, शेजारी जलेबी. "पण आपल्याकडचे पोहे वाफेवरचे असतात," काका पुटपुटले. हा युक्तिवाद मला इतके दिवस पटत होता, हे इथं कबूल करतो. शेव वाफेवरची नसते, हे मात्र सुनेनं सांगितलं. ३९० तिथं सहज भरल्या. राहिले ते चारशे ग्रॅम. तर पहिल्या दिवशी काका वजनाला बूट घालून उभे होते.

मला वाटलं, माणूस खचेल. काकांनी वहीत खाली दोन रेघा ओढल्या, पेनाचं टोपण लावलं आणि पेन्शन मंजूर झाल्यासारखे हसले. "जुळलं! पै न् पै जुळलं!" वजन, भात, डॉक्टर, सगळं त्यांच्या लेखी संपलं होतं. त्याच आनंदात रात्री दहाला ते आम्हा सगळ्यांना सराफ्यात घेऊन गेले. भुट्ट्याचा कीस झाला, गराडू झाले, ताटलीएवढा जलेबा झाला. काकूंनी दोनदा विचारलं, "हे लिहिणार ना?" काकांचं तोंड भरलेलं होतं.

दिवसा तिथं गुंजेगुंजेचा हिशेब होतो. रात्री मात्र सगळ्या पेढ्यांना कुलुपं असतात आणि काटे आत तिजोरीत. काकांचा घरीच राहिला होता.