सफारीवाले अण्णा

सोलापूरच्या उन्हाला वैतागलेली माणसं मे महिन्यात महाबळेश्वर गाठतात. अण्णा चंद्रपूरला जातात. म्हणजे फुफाट्यातून थेट आगीत. "उन्हाळ्यात पाणवठे आटतात, मग वाघ उरलेल्या पाण्यावर येतोच की!" हे ते अशा थाटात सांगतात, की ताडोबातल्या वाघांचं वेळापत्रक यांच्याच दुकानात छापून जातं असं वाटावं.

अण्णा एकच नाहीत. टॉवेल-चादरीत नाहीतर प्लॉटिंगमध्ये चार पैसे गाठीला लागले, पोरं पुण्याला आयटीत चिकटली, की नवी पेठ ते जुळे सोलापूर कुठल्याही घरात एक अण्णा तयार होतो. अंगात खिसेच खिसे असलेलं हिरवट जाकीट, गळ्यात दुर्बीण आणि तोंडात 'व्ह्यू'.

वाघ ते दोन वाक्यांत उरकतात. रूमचं मात्र विचारू नका. (न विचारता सांगतातच.) मोहर्लीच्या बाजूला, इरई धरणाच्या बॅकवॉटरकडे तोंड करून कॉटेज. एक अख्खी भिंत काचेची. पडदा बटणावर सरकतो. बाहेर लाकडी डेक, डेकवर स्वतःपुरता पूल. "झोपल्या झोपल्या पाणी दिसतंय म्हणतो मी!" ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी सुटतं, तिथला माणूस हे सांगताना गहिवरला, तर त्याला कोण हसणार? काकूंनी तर पोचल्या पोचल्या बाथटब काठोकाठ भरून ठेवला होता. उद्या सुटलं नाही तर?

रात्री बुफेत सतरा पदार्थ. अण्णांनी सगळे मन लावून पाहिले आणि पिशवीतून कडक भाकरी नि शेंगाचटणी काढली. शेफ चौकशीला आला, तर त्यालाच चटणी चाखायला लावली आणि वर पाव किलो बांधून दिली.

सफारी हा या मुक्कामातला सगळ्यात गैरसोयीचा भाग. अंधारात उठायचं, उघड्या जिप्सीत सहा जणांनी धूळ खायची, आणि कोअरमध्ये मोबाईल न्यायला बंदी! गाईड मध्येच हात वर करून कुजबुजतो, "थांबा, कॉल आहे." तो बोलत असतो चितळाच्या इशाऱ्याबद्दल, अण्णा खिसा चाचपतात. एकदा वाघीण ऐटीत रस्ता ओलांडून गेली, पण फोटो नाही म्हटल्यावर ती दिसली काय न् न दिसली काय. मग परत येऊन अण्णांनी रूमचेच फोटो काढले. उगवतीला डेक, मावळतीला डेक, हंसाच्या आकारात घडी घातलेला टॉवेल. हा शेवटचा फोटो धंद्याच्या नजरेनं घेतलेला. सोबत टीप: "आपला माल नाही. पीळ कमी आहे."

असल्या माणसाला घराजवळचं नान्नजचं माळढोक अभयारण्य माहीत नसेल, असं समजू नका. पक्कं माहीत आहे. 1979 साली माळढोक पक्ष्यासाठी हे अभयारण्य झालं, ते कागदावर जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. तालुकेच्या तालुके त्यात गेले आणि जमिनींचे व्यवहार अडले. माळढोक माळावर कमी आणि खरेदीखतात जास्त आडवा येऊ लागला. अण्णांचा एक प्लॉट त्यातच अडकला होता. पुढे अभयारण्य सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आलं, प्लॉट सुटला, अण्णांनी पेढे वाटले. माळढोक मात्र आता दिसेनासाच झालाय. त्याच्याशी अण्णांची ओळख एवढीच, तीही वकिलामार्फत.

"नान्नजला काय हाय बे? नुसतं गवत!"

नान्नज बार्शी रस्त्यावर, सोलापूरपासून वीसेक किलोमीटर. काळवीट दिसतात, नशीब असलं तर लांडगाही. ऊन चढायच्या आत पोचा, पाणी घरून न्या. अण्णांना न्यायचं असेल, तर हुरड्याच्या दिवसांत न्या. नुसत्या गवतासाठी ते यायचे नाहीत.