घरचा अनुभव

२०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक स्त्री घ्यायला लावली, आणि आपल्या उद्योगपतींचा वर्षानुवर्षांचा अनुभव कामी आला. सेबीची वाढीव मुदत मार्च २०१५मध्ये संपत आली, तशा लायक उमेदवार अनेकांना थेट स्वयंपाकघराशेजारीच सापडल्या. पत्नी, कन्या, वहिनी! पात्रता वादातीत : मंडळातल्या प्रत्येकाच्या चहात साखर किती, हे तोंडपाठ. परक्या बाईचा सल्ला ऐकायची कधी सवयच नाही, तर (भागधारकांच्या पैशावर) प्रयोग कशाला?

सेबीचे मात्र समाधान होईना. २०१९पासून बड्या ५०० कंपन्यांत ही संचालिका ‘स्वतंत्र’च हवी. एका शेठजींनी तातडीने वकील गाठला म्हणे : “घटस्फोट घेतला, तर चालेल ना?”