गंजवाले भाऊजी

आजाऱ्याला भेटायला जाताना लोक शहाळं नेतात. आमचे भाऊजी शंका नेतात. इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी शिकवून ते निवृत्त झाले, विषय मात्र अजून नोकरीत आहे. कोणाच्या पायात पट्टी बसवली असं कानावर आलं की हे चपला घालून तयार. बाकीचे विचारतात, ‘फार दुखतंय का?’ भाऊजी विचारतात, ‘धातू कुठला?’

‘स्टील आहे म्हणाले डॉक्टर. चांगलंय.’

‘३१६ एल का?’

रोग्याची बायको चहा टाकायला उठते.

मग पलंगाच्या कडेला बसून व्याख्यान. शरीरात खारट द्रव, ३७ अंश तापमान, वर सतत हालचाल. धातूला छळायला आणखी काय हवं? स्टीलमधल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर धरतो, आणि सगळी भिस्त त्याच्यावर. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच तो पुन्हा धरतो. ‘पण स्क्रूच्या डोक्याखाली फट असते ना, तिथे ऑक्सिजन पुरत नाही,’ असं म्हणून भाऊजी नडगीकडे असे बघतात की रोग्याला नेमकं तिथंच ठणकायला लागतं.

मुलाचं आंतरजातीय लग्न त्यांनी हौसेनं लावून दिलं. धातूंच्या बाबतीत मात्र कर्मठ! पट्टी एकाची, स्क्रू दुसऱ्याचा म्हटलं की १९०७ सालचे लाँबॉत आलेच. या बेल्जियन सर्जननी मोडक्या पायाला मॅग्नेशियमची पट्टी बसवली, तीही सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी. खाऱ्या पाण्यात दोन धातू भेटले की बॅटरीच झाली. आठ दिवसांत पट्टीचा भुगा आणि कातडीखाली वायूचा फुगवटा. ‘हायड्रोजन!’ भाऊजी आनंदानं सांगतात. ऑपरेशनला आठवडा न झालेल्या माणसाला ही गोष्ट सांगू नये, एवढं मेटलर्जीत शिकवत नसावेत.

पुढं भाऊजींचाच खुबा बदलायची वेळ आली. टायटॅनियमच्या दांड्यावर हायड्रॉक्सीअपटाइटचा लेप हवा, हा हट्ट. हाडातलं खनिज याच जातीचं, कॅल्शियम फॉस्फेट. त्यामुळे हाड त्याला परकं न मानता बिलगून वाढतं. ‘पण प्लाझ्मा स्प्रेचा थर किती मायक्रॉन? फार जाड झाला तर पापुद्रा सुटतो, डॉक्टर.’ भूलतज्ज्ञांनी त्या दिवशी जरा लवकरच काम सुरू केलं असावं.

ऑपरेशन उत्तम झालं. एक्स-रे आल्यावर भाऊजींनी तो खिडकीशी धरून ताईला दाखवला.

‘लेप कुठाय?’

‘अगं, तो इतका पातळ असतो, यात दिसत नाही.’

‘मग दिलाय कशावरून?’

उभ्या संसारात भाऊजी प्रथमच निरुत्तर झाले. इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलमधून मिळवण्यासाठी त्यांनी वॉकर घेऊन हॉस्पिटलात हेलपाटे घातले. आता ते स्टिकर पाकिटात असतं, ओल लागू नये म्हणून लॅमिनेट केलेलं. एका कोपऱ्यात लॅमिनेशन सुटायला लागलंय. भाऊजी येईल त्याला तो कोपरा दाखवतात आणि म्हणतात, ‘बघा, सुरुवात फटीतूनच होते.’