पाचशे वर्षांचं स्थळ

मागच्या दिवाळीत आमच्याकडे किलोवर पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. मी गेले होते स्वस्तातले दिवाळी अंक बघायला आणि आले पावणेतीन किलो व्हॅम्पायर घेऊन. काटा काही तीनला भिडेना, म्हणून तिथल्या पोराने वर एक लांडगा टाकला. "घ्या काकू, हापण चांगला जातो."

तेव्हापासून मी बिघडले आहे. बावन्नाव्या वर्षी माणसं ज्ञानेश्वरी काढतात, मी दात काढलेले पुरुष काढून बसले.

या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावरच्या माणसाला शर्ट नसतो आणि बऱ्याचदा डोकंही नसतं, हनुवटीशीच कापलेलं असतं. उरतो तो मधला भाग, आणि त्या आकाराचा मधला भाग आमच्या घराण्यात कोणाकडेही नाही. असलं पुस्तक डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात उघडायची सोय नाही. म्हणून शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर घातलं, लेबल चिकटवलं आणि त्यावर लिहिलं, 'घरगुती आयुर्वेद'. तिथे चुकलं. शेजारच्या बाईंनी मुंब्र्यापर्यंत दम धरला, मग म्हणाल्या, "त्यात गुडघ्यावर काही दिलंय का हो?" मी पान बघितलं. पानावर नायक गुडघ्यावरच आला होता, पण ते कारण वेगळं. म्हटलं, "एरंडेल कोमट करून लावा." त्यांना गुण आला. आता रोज माझी जागा धरून ठेवतात आणि वजन कमी करण्याच्या प्रकरणाची वाट बघतात.

सध्या भाचीसाठी स्थळं बघणं चालू असल्यामुळे मला दिसेल त्या पुरुषाचा बायोडाटा मांडायची खोड लागली आहे. 'ट्वायलाइट'चा एडवर्ड घ्या. जन्म १९०१, शिकागो. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मरायला टेकलेला, डॉक्टरने चावून वाचवला. शिक्षण: अकरावी. त्यानंतर पुन्हा अकरावी. फोर्क्स नावाच्या, आंबोलीसारख्या सदा भिजलेल्या गावात हा शंभरी ओलांडलेला मुलगा दप्तर घेऊन शाळेत जातो आणि तिथे सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रेमात पडतो. सिनेमात तर त्यांच्या घरी भिंतभर पदवीदानाच्या टोप्या लावल्यात. आमच्याकडे असतं तर एवढ्यात कुठला तरी क्लास लावून पोराला पुढे ढकललं असतं. नोकरी: नाही. घर: काचेचं, जंगलात. पैसा: बहिणीला भविष्य दिसतं, त्यामुळे शेअर बाजार मुठीत. जेवणखाण: शाकाहारी, म्हणजे माणसं सोडून फक्त प्राण्यांचं रक्त. उन्हात गेला की अंग हिऱ्यासारखं चमकतं. शिवाय रात्री खिडकीतून मुलीच्या खोलीत शिरतो आणि तिला झोपलेली बघत पहाटेपर्यंत उभा राहतो. एक दिवस नव्हे, कितीतरी रात्री. आपल्याकडे बाईच्या मागावर राहण्याला पूर्वी ३५४ ड म्हणत, हल्ली न्याय संहितेचं ७८वं कलम म्हणतात. पुस्तकात याला उत्कटता म्हणतात. खोटं कशाला बोलू, मलाही वाचताना कलम नंतर आठवलं.

मूळ खानदान बघायला गेलं तर एवढं कौतुक करण्यासारखं नव्हतं. ब्रॅम स्टोकरने १८९७ मध्ये ड्रॅक्युला लिहिला तेव्हा त्या गृहस्थाच्या तोंडाला घाण वास येत होता आणि तळहातांवर केस होते. तिथून २००५च्या 'ट्वायलाइट'पर्यंत, म्हणजे बरोबर १०८ वर्षांत, वास गेला, केस गेले आणि रुपेरी व्होल्वो आली. याला म्हणतात जपाचं फळ.

एकदा वास गेल्यावर मग रांगच लागली. जे. आर. वॉर्डबाईंच्या कादंबऱ्यांतल्या योद्ध्यांच्या नावांत तर वाटेल तिथे जादा 'एच' घुसवलेला. अंकशास्त्राच्या ज्योतिषाला विचारून नावाचं स्पेलिंग बदलणारे फक्त आपल्या सिरियलींमध्ये असतात असं मला वाटत होतं. सारा जे. मासबाईंचा ऱ्हायसँड पाचशे वर्षांचा. आपल्या हिशेबाने पहिल्या पानिपतच्या आगेमागे जन्मलेला, आणि मुलगी एकोणीसची. वयातलं अंतर एक वेळ चालवून घेऊ, पण त्याला पाठीवर वटवाघळासारखे भले थोरले पंख आहेत. वन बीएचकेत हा मनुष्य पंखा लावून कसा वावरणार, याचा विचार लेखिकेने केलेला दिसत नाही.

मला खरा आवडला तो क्रिस्टीन फीहान यांचा हिशेब. त्यांच्या १९९९च्या 'डार्क प्रिन्स'पासून चालत आलेली कार्पेथियन नावाची एक जमात आहे. त्यांच्यातल्या पुरुषांच्या दोनेकशे वर्षांनी भावना आटतात आणि रंग दिसेनासे होतात. सगळं जग करडं. मग जन्माची जोडीदारीण भेटते, आणि तिचा आवाज कानावर पडताच त्यांना पुन्हा रंग दिसू लागतात. हे वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं गॅलरीत उभी राहिले. आमच्या ह्यांचं पहिल्या टप्प्यातलं सगळं दोनशे वर्षं न थांबताच उरकलं आहे. पाडव्याला मोरपंखी साडी सांगितली तर बाटलीच्या काचेसारखी हिरवी आली. "हिरवंच सांगितलं होतंस ना?" म्हणजे तीस वर्षं मी समोर असूनही रंग काही परतलेले नाहीत.

आणि शार्लेन हॅरिस यांची सुकी! लुइझियानातल्या एका बारमध्ये ती वेट्रेस आहे आणि तिला येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनातलं सगळं ऐकू येतं. त्यामुळे तिचं कोणाशी जमत नाही, कारण पुरुषाच्या मनातलं ऐकल्यावर कोणाचं जमेल? मग एक व्हॅम्पायर येतो आणि त्याच्या डोक्यातून काहीच ऐकू येत नाही. चिडीचूप. बाई तिथेच विरघळते. लोक म्हणतात, या पुस्तकांत दात आणि दंड बघायला बायका जातात. दात गेले खड्ड्यात. या सगळ्या नायकांचा खरा चमत्कार असा, की ते बाई बोलत असताना तिच्याकडे बघतात, मोबाइलकडे नाही. त्यांना ऑफिस नाही, क्रिकेट नाही, सोसायटीची मीटिंग नाही. सासू बहुतेक वेळा दोनशे वर्षांपूर्वीच वारलेली. अमरत्व म्हणजे शेवटी काय, बक्कळ रिकामा वेळ. तो बायकोवर खर्च करणारा पुरुष कल्पनेत आणायचा तर त्याला आधी मारावा लागतो, यात लेखिकांचा काय दोष?

आपल्याकडे भुतांना तोटा नाही, पण त्यांचं वळण वेगळं. वेताळ मानगुटीवर बसून कोडी घालतो, समंध पुरलेल्या हंड्यावर बसून असतो, चकवा रात्रभर गावाभोवती फिरवतो आणि पहाटे पुन्हा आपल्याच गोठ्यापाशी आणून सोडतो. पत्ता म्हणजे पिंपळ किंवा पडकी विहीर. मागणी म्हणजे नारळ, लिंबू, दहीभात, कोकणात गेलात तर एखादा कोंबडा नि विडी. लग्नाचं मनावर घेणारा एकटा मुंजा, कारण बिचाऱ्याची सोडमुंज राहिलेली असते. त्याच्यावर २०२४ मध्ये हिंदी सिनेमा आला आणि तुफान चालला, पण त्याला नायक म्हणायला कोणी धजावलं नाही. परदेशातलं भूत प्रेमात पडतं. आपलं अंगात येतं.

अर्थात, देवभूतांची स्थळं नाकारण्यात पहिला नंबर आपल्या विदर्भाच्या मुलीचा. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम असे चार अमर जण आले होते. चौघांनी नळाचंच रूप घेतलं, म्हणजे समोर पाच सारखे नळ. आजची नायिका असती तर तिने चारही देव ठेवून मालिकेचे पाच भाग काढले असते. दमयंतीने नीट निरखून बघितलं. चौघांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, पापणी लवत नव्हती, माळा टवटवीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, सावली नाही. पाचव्याची माळ कोमेजली होती, अंगावर धूळ होती, घाम आला होता. तिने त्याच्या गळ्यात हार घातला. पुढे त्याने द्यूतात राज्य घालवलं आणि तिला भर जंगलात झोपलेली टाकून निघून गेला, हा भाग स्थळं बघताना आमच्याकडे कोणी सांगत नाही.

हल्ली माझी गाडी नव्या मालावर आली आहे. अली हेझलवुड यांच्या २०२४च्या 'ब्राइड'मध्ये व्हॅम्पायरांची मुलगी आणि लांडग्यांच्या म्होरक्याचं लग्न होतं, तेही दोन जमातींत तह टिकावा म्हणून. वडीलधाऱ्यांनी ठरवलेलं, मुलामुलीची धड ओळख नाही, दोन्ही घरांत खाण्यापिण्याचा फरक, आणि प्रेम लग्नानंतर. हे अमेरिकेत नवीन म्हणून वाचतात. रेबेका यॅरोस यांची 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्ये आली, तिच्या पहिल्या आठवड्यात २७ लाख प्रती गेल्या. आमच्याकडे हजारांची आवृत्ती संपली तर प्रकाशक पेढे वाटतो आणि लेखकाला त्यातलाच एक देतो.

एकदा ह्यांनीही खाकी कव्हरचं पुस्तक उचललं. गुडघे त्यांचेही दुखतात. चष्मा लावून वीसेक पानं शांतपणे वाचली. मी आत कणीक मळत कानोसा घेत होते. शेवटी म्हणाले, "काय गं, हा रात्रभर जागाच असतो?"

"हो."

"मग पहाटे पाण्याची मोटर लावायला बरा आहे."

गेल्या मंगळवारी रात्री आमचे लाइट गेले. उकाड्याने तळमळत कधीतरी डोळा लागला आणि अडीचच्या सुमाराला जाग आली ती उशाशी कोणीतरी उभं आहे म्हणून. आकृती हलत नव्हती. टक लावून माझ्याचकडे बघत होती. खाली स्टुलावर मोबाइलची बॅटरी लावून ठेवलेली, त्यामुळे मागच्या भिंतीवर थेट छतापर्यंत सावली चढली होती. माझ्या छातीत धडधड. इतकी पानं वाचल्याचं अखेर सार्थक झालं म्हणायचं!

मग बनियन दिसला, पाठीपोटाला चिकटलेला. कपाळावरून निघालेली घामाची धार भुवईपर्यंत आली होती. हातात डास मारायची बॅट.

"किती वेळ उभे आहात?" मी विचारलं.

"हलू नकोस," हे कुजबुजले. "कपाळावर बसलाय. रक्त पितोय तुझं. उडाला की मारतो."

मी निपचित पडून राहिले. हे डोळ्यांत तेल घालून बघत राहिले. मग तो घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, पापणी लवली, आणि तेवढ्यात तो निसटला.